मामाचा हात

हिरडीटोल्यात रुख्माबाईच्या रागाला मान आहे. सौंदड स्टेशनापासून सात-आठ किलोमीटरवरचं हे गाव, शे-सव्वाशे घरांचं, आणि भांडखोर माणसांचा तिथं काही दुष्काळ नाही. पण बाकीच्यांची भांडणं बेडकांसारखी, ओरडून ओरडून आपोआप गप्प होणारी. रुख्माबाई ओरडत नाही. ती पदर खोचते, "ऐका जी" म्हणते, आणि समोरच्याला कळतं की आता ऐकण्यावाचून सुटका नाही.

वय एकाहत्तर. दोन एकर धानाची जमीन ठेक्यानं करते. तीस वर्षं रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या, बायकांची टोळी तिच्या हाताखाली होती. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, वाकलेली बाई कंबर सरळ करायला कितीदा उठते हे तिला मागं न बघता कळायचं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा-सून कामासाठी नागपुरात, आणि अकरावीतली नात खुशी तिच्याजवळ. एवढ्यात तिचं सगळं आयुष्य सांगून झालं असं कुणालाही वाटेल. पण ते तसं नाही, कारण त्यात मामा राहिला.

रुख्मा दोन वर्षांची असताना तिची आई गेली. वाढवलं मामानं. बकाराम त्याचं नाव. स्वतःच्या घरात खाणारी तोंडं पाच, त्यात हे सहावं, पण हे तोंड जड झालं असं त्याच्या वागण्यात तिला एकदाही दिसलं नाही. रानात गेला की धोतराच्या सोग्यात टेंभरं, म्हणजे तेंदूची पिकली फळं, बांधून आणायचा. सांडवा वाहायला लागला की तिला खांद्यावर घेऊन पलीकडे शाळेत सोडायचा. घरातले सगळे जेवल्याशिवाय स्वतः पाटावर बसायचा नाही. आणि एक वाक्य सारखं त्याच्या तोंडात असायचं : "पान्यात उतरल्याबिगर पानी भेटत नाई."

रुख्मा एकोणीस वर्षांची होती त्या साली हस्त नक्षत्र कोरडं गेलं. धान पोटरीत आलेलं आणि बांध्यांना भेगा. गावच्या तळ्यात पाणी होतं. कायद्यानं मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन वीस वर्षं झाली होती, तळं सरकारजमा झालं होतं, पण हे कायद्याला माहीत, मालगुजाराला नाही. पाणी आधी त्याच्या बांध्यांना जायचं, उरलं तर गावाला. त्या साली उरत नव्हतं. तुडूमावर, म्हणजे तळ्याच्या पाळीखालून, बांधाखालून, पाणी सोडायच्या दारावर, त्यानं चार माणसं बसवली होती.

एका सकाळी गाव पाळीवर जमलं. बोलणी झाली, हात जोडून झाले, आणि तेवढ्यात बकारामनं पागोटं काढून रुख्माच्या हातात दिलं आणि पाण्यात उडी घेतली. दोनदा बुडी मारून त्यानं तुडूमाचं लाकडी बूच उपटलं. पाणी सुटलं. तो वर आला तेव्हा पाळीवर मालगुजार स्वतः उभा होता. त्यानं माणसांना सांगितलं नाही. शेजारच्याच्या हातातली काठी घेतली आणि पाण्यातून वर चढायला बकारामनं जो हात पाळीवर टेकला होता, उजवा, त्या हातावर घातली. तीनदा. आवाज रुख्मानं ऐकला. पागोटं अजून तिच्या हातात होतं.

वर खटलाही बकारामवरच झाला. तीन महिने भंडाऱ्याच्या जेलात काढून आला तो कोपरात वाकडा झालेला हात घेऊन. तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. नांगर सुटला. पण धान त्या साली पिकलं, आणि पुढं तुडूमावर माणसं बसली नाहीत.

गावच्या शाळेत केशोराव गुरुजी होते. लाल झेंड्याच्या विचारांचा माणूस, खिशात पेन दोन आणि डोक्यात क्रांती एक. त्यांनी यावर कादंबरी लिहिली, नाव ठेवलं ‘तुडूम’. छापून आली तेव्हा शाळेच्या ओसरीवर नऊ रविवार बसून त्यांनी ती गावाला वाचून दाखवली. त्यात बकाराम पाण्यात उडी मारण्याआधी अडीच पानं भाषण करतो. शोषण, वर्ग, उत्पादनाची साधनं, सगळं त्यात येतं. रुख्मानं तेव्हाच तोंडावर सांगितलं होतं, "गुरुजी, तुमच्या पुस्तकातले लोक लय बोलून राहिले जी. माहा मामा एवढं बोलत बसला असता तं धान तिथंच वारलं असतं." गुरुजी हसले, पण भाषण त्यांनी कापलं नाही. विचारवंतांचं असंच असतं. माणूस बुडाला तरी चालेल, पण मुद्दा सुटता कामा नये. तरी रुख्माला त्या पुस्तकाचा राग कधी आला नाही. भाषण गुरुजींचं असलं तरी हात मामाचाच होता आणि काठी मालगुजाराचीच. पुस्तकानं तेवढं इमान राखलं होतं.

आता एका शब्दाचं सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा त्याच्यात आहे. असल्या तळ्यांना सरकारी कागदात ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. एवढं लांब लिहायचा कंटाळा म्हणून बाबू लोकांनी त्याचं ‘मा. मा. तलाव’ केलं. पुढं टिंबंही गळाली आणि ‘मामा तलाव’ उरलं. गुरुजींनी कादंबरीत हाच शब्द वापरला, कारण ते अर्ज-विनंत्या करणारे गृहस्थ. गावात मात्र हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. गाव म्हणतं ‘तरा’. तळ्याचा तरा, डोळ्याचा डोरा, झाडीबोलीत ळ चा र होतो. रुख्माबाईनं आयुष्यभर त्या पाण्याला तराच म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी गावात आली. रुचिका तिचं नाव, राहणार फुलचूरची, गोंदियात वाढलेली, घरात हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी. मुंबईचे एक दिग्दर्शक गुरुजींच्या कादंबरीवर सिनेमा काढत होते आणि कादंबरीचा हिंदीत गोषवारा करून द्यायचं काम हिच्याकडं होतं. गुरुजी तेव्हा हयात नव्हते. मुलानं मोठ्या आनंदानं सही करून दिलेली, बापाचं पुस्तक पडद्यावर येतंय म्हणून. रुचिका रुख्माबाईच्या अंगणात खाटेवर बसली, फोन रेकॉर्डिंगला लावला आणि विचारलं, "आजी, मामांबद्दल सांगा ना. मामाजी कैसे थे? तुम्ही पाहिलं होतं ना त्यांना?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न रुख्माबाईला कुणी विचारला नव्हता.

"पाह्यलं मंजे? त्यायच्या खांद्यावर वाढली मी, पोरी."

रुचिकाचे डोळे चमकले. आणि रुख्माबाई सुटली. टेंभरं सांगितली, सांडवा सांगितला, सगळ्यांच्या मागून जेवणं सांगितलं, ते पाण्यात उतरायचं वाक्य सांगितलं. दोन तास बोलली. जन्मात एवढं बोलली नसेल. खुशी तेव्हा शाळेत गेलेली.

"आणि आजी, त्यांचा हात? तुम्ही म्हणाला वाकडा होता. तो कसा मोडला?"

"तुडूमावर मोडला," रुख्माबाई म्हणाली. कुणी मोडला ते सांगायचं राहिलं. पुस्तकात लिहिलेलंच आहे, पोरीनं वाचलंच असेल, असं मनाशी म्हणून ती चहा ठेवायला उठली.

सिनेमा झाला. नाव ‘मामांचं पाणी’. यंदाच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडं दिवाळीनंतर भरते त्या गावजत्रेत, तो गावाला फुकट दाखवायचं ठरलं. नाटकासाठी बांधलेल्या मांडवातच एलईडीचा मोठा पडदा लावला. दुपारी तीनचा खेळ. पुढच्या खुर्च्यांवर दिग्दर्शक, सरपंच आणि नागपूरहून मुद्दाम आलेले भुपेंद्रबाबू, म्हणजे मालगुजाराचे नातू. त्यांच्याच रांगेत, पाहुण्यांच्या मानानं, रुख्माबाई. जांभळं लुगडं नेसून, नातीचा हात धरून आली होती. आज मामा दिसणार होता.

मामा दिसला. पांढरं धोतर, जरीचं उपरणं, मागं वाडा आणि दाराशी दोन बैल. रुख्माबाईनं डोळे बारीक केले. एवढे कपडे मामाकडं कधी होते? मग त्या माणसानं सोगा सोडून पोरांना टेंभरं वाटली, आणि पडद्यावरच्या पोरांनी गिलका केला, "मालगुजार मामा आले! मामा आले!"

‘ध’ चा ‘मा’ केल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. इथं त्या बहाद्दरांनी ‘मा’ चाच ‘मा’ केला होता. तलाव मामांचा, मग मामा कोण? ज्याचा तलाव तो. तलाव मालगुजाराचा, म्हणजे मालगुजार मामा. आणि मामा कसा होता? ते सांगायला आजीच्या आवाजात दोन तासांचा पुरावा हजर. कादंबरीतल्या मालगुजाराचं कपट काढून दिवाणजीला चिकटवलं आणि रुख्माबाईच्या तोंडचा सगळा जिव्हाळा मालगुजाराला नेसवला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

दोन तास तिनं ते पाहिलं. सांडव्यावरून पोरीला खांद्यावर नेणारा मालगुजार. सगळं गाव जेवल्यावर जेवणारा मालगुजार. आणि बोलणं तरी कसं! झाडीबोली म्हणजे जिथं-तिथं ‘राहिलो’ घालायचं असं त्या नटाला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. गावावरून जीव ओवाळताना तो म्हणाला, "मी तुमचा होऊन राहिलो." मागं पोरं खिदळली. रुख्माबाईला हसू आलं नाही. बकाराम नावाचा एक माणूस सिनेमातही होता. डोकं फिरलेला जवान पोरगा, मामांविरुद्ध लोकांना भडकवणारा. शेवटी दुष्काळ पडतो, लबाड दिवाणजी तुडूम बंद करतो, तेव्हा म्हातारे मालगुजार मामा स्वतः पाण्यात उडी घेतात. "पान्यात उतरल्याबिगर पानी भेटत नाई!" बूच निघतं, पाण्याच्या लोंढ्यात त्यांचा उजवा हात मोडतो, आणि बकाराम त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडतो.

मांडव हुंदके देत होता. रुख्माबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. शेजारी सुशिलाबाई, तिच्याच टोळीतली, तिच्याच वयाची, त्या सकाळी पाळीवर हजर असलेली, पदरानं डोळे पुसत होती.

"तुले तं ठाऊक आहे सारं," रुख्माबाई दातओठ खात म्हणाली. "तू काऊन रडून राहिली?"

"सिनेमा चांगला आहे वो," सुशिलाबाई म्हणाली. मग खाली बघत, "मले वाटलं, असाच असता थो तं किती बरं झालं असतं."

खोटं एवढं गोड करून वाढलं की ज्याच्या पाठीवर वळ आहेत तोही दुसरा घास मागतो. मला राग येतो तो इथं.

मग सत्कार झाले. दिग्दर्शक माइकवर आले. भला माणूस दिसत होता, घाम पुसत मनापासून बोलत होता. "मूळ कादंबरी फार प्रचारकी होती," ते म्हणाले. "आम्ही तिच्यातलं राजकारण काढून टाकलं आणि माणुसकी तेवढी ठेवली." टाळ्या. रुख्माबाईला स्टेजवर खुर्ची देऊन शाल-नारळ. टाळ्या. मग भुपेंद्रबाबू उठले. त्यांच्या आज्याला हयातभर कुणी मामा म्हटलं नव्हतं, गाव ‘मालक’ म्हणायचं आणि पाठीमागं जे म्हणायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे त्यांनाही ठाऊक असणार. पण आयतं नातं कोण नाकारतो? ते म्हणाले, "तलावाच्या पाळीवर, तुडूमाजवळ, मामासाहेबांच्या नावाची कमान उभी करावी असं माझ्या मनात आहे. गाव इथंच बसलंय. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. रडलेल्या माणसांचे हात चटकन वर होतात. रुख्माबाई स्टेजवरून बघत होती. सुशिलाबाईचा हात वर होता. तिसऱ्या रांगेत जाऊन बसलेली खुशी, तिची नात, बकारामच्या भाचीची नात, तिचाही हात वर होता. अगदी सरळ, वर्गात उत्तर येतं तसा.

रुख्माबाईनं शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि पदर खोचला.

"ऐका जी," ती म्हणाली. माइक तिच्यासमोर नव्हता, तरी पहिल्या पाच रांगा गप्प झाल्या. रुचिका बाजूला उभी होती, तिनं काही न समजून माइक तिच्या हातात दिला.

"सिनेमातला मामा चांगला होता. मी नाई नाई मनत. सोग्यात टेंभरं आननारा मामा माहा. पोरीले खांद्यावर नेनारा माहा. थे पोरगी मी. साऱ्यायच्या मांगून जेवनारा माहा. पान्यात उतरला थो माहा. हात मोडला थो बी माह्याच मामाचा. बकाराम त्याचं नाव." ती भुपेंद्रबाबूंकडं वळली. "तुमच्या आज्याची त्या दिशी तऱ्यावर एकच वस्तू होती, बाबू. काठी. तेवढीच तुमी सिनेमात घेतली नाई."

भुपेंद्रबाबूंचे जोडलेले हात तसेच राहिले. दिग्दर्शक घाईनं पुढं आले. "आजी, तुमच्या भावना कळतात. पण हा सिनेमा आहे. आपण राजकारण बाजूला ठेवून..."

"पानी कोनाचं मनून इचारलं तं थे राजकारन," रुख्माबाई म्हणाली, "आन आमचंच पानी आमाले दिलं मनलं का थे मानुसकी? लय सोपी आहे जी तुमची मानुसकी."

मांडवातले वर झालेले हात मधेच कुठंतरी लटकले. ना वर, ना खाली. सरपंच पुढं सरसावले आणि ठराव ग्रामसभेत रीतसर ठेवू म्हणाले, म्हणजे आज मोडतही नाही आणि होतही नाही. कुणीतरी माइक बंद केला. दिग्दर्शकांना परतीची गाडी गाठायची होती.

मांडवामागं रुचिका रडवेल्या तोंडानं आली. "आजी, सॉरी. मला माहीतच नव्हतं मा. मा. म्हणजे काय. मला वाटलं, मामाजी..."

"फुलचूरची ना तू? इथं येताना वाटेत किती तरे लागते?"

"...बहुत सारे."

"त्याहिले कोन मामा होते काय सगळ्याहिले? एकाले इचारलं असतं तं सांगतलं असतं." मग रुख्माबाई थांबली, कारण ती रागात असली तरी खोटं बोलणारी नव्हती. "पुस्तकात काठी होती. थे कोठी गेली?"

"सर म्हणाले, एकाच पिक्चरमध्ये दोन मोडके हात कशाला. मामांचा ठेवू." रुचिकाची मान खाली गेली. "टेपमध्ये तुम्ही एवढंच म्हणाला होतात, तुडूमावर मोडला."

हे रुख्माबाईला लागलं. कारण ते खरं होतं. दोन तासांत टेंभरांची चवसुद्धा सांगितली आणि काठी तेवढी गिळली. चोरांनी घर साफ केलं, पण कडी आतून तिनंच काढून दिली होती. रुचिकाला तिनं आणखी काही म्हटलं नाही. आशीर्वादही दिला नाही.

घराकडं जाताना खुशी दोन पावलं मागं चालत होती. मागूनच म्हणाली, "आजी, तू मले हे कधी काऊन नाई सांगतलं?"

रुख्माबाई चालतच राहिली.

"त्या पोरीले दोन तास सांगतलं. मी तं रोज घरीच राहतो. मले काय ठाऊक? मी हात वर केला."

रुख्माबाई उभी राहिली. मग घराची वाट सोडून ती पाळीकडं वळली. सूर्य अजून मोहाच्या झाडांवर होता, तळ्यात बगळे, खाली कापणीला आलेलं धान. तुडूमाच्या दगडी पायऱ्यांशी येऊन तिनं नातीला पाळीच्या कडेला बसवलं.

"उजवा हात दे."

खुशीनं दिला. रुख्माबाईनं तो कोपरात दुमडला, मनगट आत वळवलं, जसा तिनं अकरा वर्षं, मामा मरेपर्यंत, रोज पाहिला होता तसा. मग आपल्या दोन्ही हातांनी कोपर गच्च आवळून धरलं. तीस वर्षं रोवणे केलेले हात होते ते.

"आता कर वर."

खुशीनं जोर लावला. हात खांद्यापर्यंत आला आणि अडला. "नाई होत."

"कर."

"आजी, सोड ना. दुखते."

"दुखू दे," रुख्माबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज रागाचाच होता. "ग्रामसभेत पुसतील हात वर करा मनून. तवा हे दुखनं ध्यानात ठेव. आता सांग, कोनी मोडला?"